ज्यांना नाही म्हणता येत नाही

मानसशास्त्रातल्या संशोधनाला माणसं लागतात, आणि ती स्वखुशीनं यावी लागतात. संशोधकानं आधी सगळं समजावून सांगायचं, समोरच्यानं शंका विचारायच्या, पटलं तर सही करायची आणि मध्येच नकोसं झालं तर कारण न देता उठून जायचं. संशोधनाचे नीतिनियम हेच चित्र गृहीत धरतात. पण ज्यांच्या मनाबद्दल जाणून घेण्याची निकड सर्वांत जास्त, त्यांतली कितीतरी माणसं या चित्रात बसत नाहीत. मनोरुग्णालयात दाखल केलेला रुग्ण, तुरुंगातला कैदी, स्मृतिभ्रंश झालेली आजी, निर्वासितांच्या छावणीतली बाई, बालगृहातलं मूल. कुणाला समजत नाही. कुणाला समजतं, पण नकार दिला तर उद्याचं जेवण, औषध किंवा सुटका अडेल अशी धास्ती असते. आणि कुणाच्या वतीनं बोलायला आपलं असं माणूसच नसतं.

अशांना संशोधनातून सरसकट वगळलं की प्रश्न मिटेल असं वाटतं. तो मिटत नाही. वगळलेल्यांवर उपचार होतच राहतात, त्यांच्यासाठी धोरणंही आखली जातात, फक्त ती अंदाजानं आखली जातात. मग अशा माणसांबरोबर काम करायचं असेल तर त्यांचं रक्षण नेमकं कशानं होतं? संमतिपत्रानं ते फारसं होत नाही, असं माझं मत आहे. कुणाला निवडलं, कुणाच्या वाट्याला काय आलं, अभ्यास चालू असताना परिस्थिती बदलली तर काय करायचं ठरलं होतं, अभ्यास संपल्यावर त्या माणसांचं काय झालं, या गोष्टी आधी बसून ठरवाव्या लागतात, आणि रक्षण होतं ते तिथे. हे नीट पाहायला रुमानियाच्या राजधानीतला, बुखारेस्टमधला एक अभ्यास फार उपयोगी पडतो. तो अनाथालयांतल्या तान्ह्या मुलांचा होता. त्याच्यावर टीका झाली, त्याचं समर्थनही झालं, आणि दोन्ही बाजूंची कारणं वजनदार होती.

१९६६ मध्ये निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीनं ७७० क्रमांकाचा हुकूम काढला. गर्भपातावर बंदी आली, गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली, मूल नसलेल्या प्रौढांवर जादा कर बसला. देशाची लोकसंख्या वाढवायची, हा हेतू. जन्मलेल्या मुलांना पोसायची ऐपत मात्र पुष्कळ घरांत नव्हती, आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी मूल सरकारच्या हवाली करावं, सरकार ते वाढवील, अशी व्यवस्था होती. १९८९ च्या डिसेंबरात ही राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. त्यांना अनाथ म्हटलं जाई, पण बहुतेकांचे आईबाप हयात होते. ओळीनं मांडलेले पाळणे, एकेका बाईच्या अंगावर डझनभर बाळं, ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी लंगोट. रडण्याला कुणी ओ देत नाही हे कळल्यावर बाळ रडायचंही थांबतं. अनेक मुलं तासन्‌तास नुसती पुढेमागे डुलत राहत.

दहा वर्षांनंतरही या संस्था भरलेल्या होत्या. बालसंरक्षण खात्याचे तेव्हाचे प्रमुख क्रिस्तियान तबाकारू यांना मुलांना संस्थांबाहेर काढून कुटुंबांत ठेवायचं होतं, पण सरकारातल्या अनेकांना ते पटत नव्हतं. संस्थेत डॉक्टर असतात, शिस्त असते, खर्चाचा हिशेब असतो. परक्या घरात पैसे देऊन मूल ठेवलं तर त्याचं काय होईल याची खात्री कोण देणार? वाद मिटवायला पुरावा हवा होता. तबाकारूंनी अमेरिकेतल्या संशोधकांना बोलावलं. चार्ल्स नेल्सन आणि नेथन फॉक्स हे बालविकासाचे अभ्यासक आणि चार्ल्स झीना हे बालमनोविकारतज्ज्ञ असे तिघे प्रमुख होते. पैसा मॅकआर्थर प्रतिष्ठानाचा होता. २००० च्या सुमारास काम सुरू झालं.

आराखडा सांगायला सोपा आहे. बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ मुलं निवडली. वय सहा महिने ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन सारखे गट केले. अक्षरशः टोपीतून चिठ्ठ्या काढल्या होत्या. ६८ मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे पैसे घेऊन मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवायचं, उरलेली ६८ होती तिथेच राहणार. तुलनेसाठी त्याच शहरात आपापल्या घरी वाढणारी ७२ मुलं. मग तिन्ही गटांची वाढ, भाषा, बुद्धी, जिव्हाळा आणि मेंदूतल्या विद्युतलहरी ठरावीक काळानं तपासत जायचं.

वाचतानाच दुसऱ्या ६८ मुलांशी मन अडखळतं, आणि ते अडखळायलाच हवं. पण तिथे पोचण्याआधी एक पहिली पायरी आहे: हीच मुलं का?

या प्रश्नाचं वाईट उत्तर कसं असतं ते पाहायला १९३९ च्या अमेरिकेत जावं लागेल. आयोवा विद्यापीठातले वाचादोषतज्ज्ञ वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. तोतरेपण जन्मजात नसून मुलाला ‘तू अडखळतोस’ असं सांगत राहिल्यानं ते घडतं, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासण्यासाठी त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात गेली. २२ मुलं निवडली गेली. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना काही महिने ठासून सांगितलं गेलं, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, चुकणार असाल तर बोलूच नका. मुलं कायमची तोतरी झाली नाहीत, पण ती गप्प झाली, लाजू लागली, अभ्यासात मागे पडली. प्रयोग कधी शास्त्रीय नियतकालिकात छापला गेला नाही. २००१ मध्ये वृत्तपत्रातून तो उजेडात आला, विद्यापीठानं माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्यानं सहा जणांना किंवा त्यांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. त्या मुलांपैकी जी हयात होती ती तोवर वृद्ध झाली होती.

त्या प्रयोगाचा अनाथ असण्याशी काडीचा संबंध नव्हता. तोतरेपणाचा प्रश्न कुठल्याही शाळेत विचारता आला असता. अनाथाश्रम निवडला कारण तिथे जाब विचारायला आईबाप नव्हते. अमेरिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालानं न्यायाचं तत्त्व मांडलं ते नेमकं याविरुद्ध: केवळ हाताशी आहेत, मुकाट राहतात, म्हणून दुर्बळांवर संशोधनाचं ओझं टाकू नये. त्यांना घ्यायचं तर प्रश्न त्यांच्या स्थितीबद्दलचा हवा, आणि उत्तराचा फायदा त्यांच्यासारख्यांनाच मिळायला हवा. बुखारेस्टचा अभ्यास या पायरीवर निर्विवाद टिकतो. संस्थेत वाढण्यानं मुलाचं काय होतं हे संस्थेतल्या मुलांखेरीज दुसऱ्या कुणाकडून कळणार नव्हतं, आणि उत्तर ज्यांना हवं होतं ते सरकार त्याच देशातलं होतं.

दुसरी पायरी जास्त निसरडी आहे. चिठ्ठ्या टाकून माणसांची वाटणी करायला वैद्यकीय नीती एकाच अटीवर परवानगी देते. दोन पर्यायांतला बरा कोणता, याबद्दल जाणकारांमध्ये प्रामाणिक अनिश्चितता असली पाहिजे. एक पर्याय उघड बरा असेल तर तो काहींना नाकारणं हा अन्याय. आणि इथे तर पन्नास वर्षांचं लिखाण होतं. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये संस्थांतल्या बाळांची खुरटलेली वाढ नोंदवली होती. जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ चा. टीकाकारांचा मुद्दा सरळ होता: कुटुंब बरं हे माहीत असताना चिठ्ठ्या कशाला?

संशोधकांचं उत्तर समजून घ्यायला आधीचे अभ्यास कसे झाले होते ते पाहावं लागतं. संस्थेतून दत्तक गेलेली मुलं आणि मागे उरलेली मुलं यांची तुलना होई, आणि दत्तक गेलेली पुढे दिसत. पण दत्तक कोण जातं? हसरं, धडधाकट, नजरेला नजर देणारं मूल आधी उचललं जातं. मग नंतर दिसणारा फरक कुटुंबामुळे पडला, की मुळातच बरी मुलं कुटुंबांत गेली म्हणून पडला, हे सांगता येत नाही. चिठ्ठी ही शंका काढून टाकते, कारण चिठ्ठीला मूल दिसत नाही. आणि अशी वाटणी करून संस्था आणि प्रतिपालक कुटुंब यांची तुलना तोवर कुणी केली नव्हती.

हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. पुरावा सदोष होता हे खरं, पण तो सगळा एकाच दिशेला बोट दाखवत होता. बालविकासाच्या जाणकारांत खरी अनिश्चितता फारशी नव्हती. अनिश्चितता होती ती बुखारेस्टच्या कार्यालयांत, म्हणजे मुलांचं भवितव्य ज्यांच्या सहीवर ठरणार होतं त्यांच्या मनात. या अनिश्चिततेला किती मान द्यायचा? माझ्या मते द्यायलाच हवा, पण एका अटीवर: अभ्यासामुळे एकही मूल पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत जाता कामा नये, आणि काहींची स्थिती तरी नक्की सुधारली पाहिजे. सगळा वाद शेवटी या अटीपाशी येऊन थांबतो.

म्हणून तिसरी पायरी, कुणाच्या वाट्याला काय आलं. त्या वेळी बुखारेस्टमध्ये सरकारी प्रतिपालक कुटुंबं जवळपास नव्हतीच. संशोधकांनी ती शोधली, पारखली, प्रशिक्षण दिलं, त्यांना पगार दिला, घरी भेट देऊन आधार देणारे समाजकार्यकर्ते नेमले. अशी ५६ कुटुंबं उभी राहिली. म्हणजे अभ्यास झालाच नसता तर त्या वेळी तरी १३६च्या १३६ मुलं संस्थेतच राहिली असती. दुसऱ्या गटातून काही काढून घेतलं गेलं नाही. जे अस्तित्वातच नव्हतं ते निम्म्यांसाठी निर्माण केलं गेलं.

यावर लगेच मान डोलावू नये. ‘नाहीतरी त्यांना काहीच मिळत नव्हतं’ हे वाक्य गरीब देशांत संशोधन करणाऱ्यांच्या तोंडी फार सहज येतं. त्यानं कोणतीही दैन्यावस्था तुलनेचा गट म्हणून वापरायची मुभा मिळते. १९९० च्या दशकात आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये एचआयव्ही असलेल्या गर्भवतींवर औषधांच्या चाचण्या झाल्या. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारा उपचार तोवर सिद्ध झाला होता, तरी तुलनेच्या गटाला औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि बचाव हाच होता. मग बुखारेस्ट वेगळं कसं? मला दिसणारा फरक आराखड्यातल्या दोन कलमांत आहे. ही दोन कलमं नसती तर मी या अभ्यासाच्या बाजूनं उभा राहिलो नसतो.

पहिलं कलम: चिठ्ठी कुठल्याही गटाची निघो, मुलाला संस्थेबाहेर जायची संधी आली तर संशोधक आड येणार नाहीत. आईबाप परत न्यायला आले, दत्तक जायचं ठरलं, सरकारनं स्वतःची प्रतिपालक कुटुंबं तयार केली, तर मूल जाणार. दुसरं कलम: जे मूल कुटुंबात गेलं ते अभ्यास संपला म्हणून पुन्हा संस्थेत पाठवलं जाणार नाही.

पहिल्या कलमाची किंमत विज्ञानानं मोजली, आणि ती कशी मोजली हे समजून घेण्यासारखं आहे. वर्षं गेली तशी दुसऱ्या गटातली पुष्कळ मुलं संस्थेतून बाहेर पडली. कुणी घरी गेलं, कुणी सरकारनं नव्यानं उभ्या केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत. प्रयोगाच्या दृष्टीनं हा घोटाळा. संस्थेतला म्हणून ज्याला मोजायचं तो मुलगा आता संस्थेत नाही. त्याला यादीतून काढावं, तर जुनी अडचण परत येते, कारण आधी बाहेर पडणारी मुलं बहुधा बरी असतात. मग नियम असा केला, की ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं, मूल आज कुठेही राहत असो. त्यामुळे ‘संस्थेतल्या’ गटाच्या सरासरीत कुटुंबात गेलेल्या मुलांची प्रगतीही मिसळली आणि दोन गटांतलं अंतर खऱ्यापेक्षा कमी दिसू लागलं. मुलांना अडवलं असतं तर आकडे ठसठशीत आले असते. संशोधकांनी फिके आकडे पत्करले. एखादा अभ्यास नीतीनं केला आहे का हे ओळखायचं असेल, तर त्यात विज्ञानाची सोय आणि माणसाचं हित समोरासमोर आलं ती जागा शोधावी आणि कोण मागे सरकलं ते पाहावं.

आता सहीकडे येऊ. सही कुणाची? अठरा महिन्यांच्या बाळाची नाही. आईबाप बहुतेकदा सापडत नव्हते. रुमानियाच्या कायद्याप्रमाणे शहराच्या त्या त्या विभागाच्या बालसंरक्षण आयुक्तानं प्रत्येक मुलामागे संमती दिली, आणि तपासणीच्या वेळी मुलाबरोबर येणाऱ्या सांभाळकर्तीचा होकार वेगळा घेतला गेला. अमेरिकेतल्या तिन्ही विद्यापीठांच्या नैतिकता समित्यांनी आराखडा तपासला, रुमानियातही सरकारी खात्यांतल्या आणि विद्यापीठातल्या लोकांची समिती बसली. कागदोपत्री चोख. तरीही एक गोष्ट खुपते. ज्या सरकारनं मुलाला संस्थेत ठेवलं, जे सरकार त्या संस्था चालवतं आणि ज्या सरकारला अभ्यासाचं उत्तर हवं, तेच सरकार मुलाचा पालक म्हणून सही करतं. सरकारच्या ताब्यातल्या मुलांचा अभ्यास जोखमीचा असेल तर अमेरिकेचे नियम एका स्वतंत्र हितरक्षकाची अट घालतात. या माणसाचा संशोधकांशी किंवा सांभाळणाऱ्या संस्थेशी संबंध नसावा, आणि त्यानं फक्त त्या एका मुलाच्या बाजूनं विचार करावा. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. समिती आराखडा पाहते. एकेका मुलाकडे पाहणारं कुणीतरी हवं.

शिवाय मुलाला सही करता येत नसली तरी नकार देता येतो. ते रडतं, तोंड फिरवतं, अंग आखडतं. मेंदूच्या लहरी मोजायला डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालावी लागते. ती दुखत नाही, पण अनोळखी खोलीत अनोळखी हातांनी घातलेली टोपी बाळाला भीतिदायक वाटू शकते. जिव्हाळा तपासण्याची मेरी एन्सवर्थ यांची पद्धत तर बाळाला काही मिनिटं आईपासून दूर करण्यावरच आधारलेली आहे. संस्थेतल्या मुलाच्या बाबतीत आईच्या जागी त्यातल्या त्यात ओळखीची सांभाळकर्ती असते. त्या पद्धतीतच एक नियम आहे, की बाळ फार व्याकूळ झालं तर तीन मिनिटांचा वियोग तिथेच आटपायचा. असे छोटे नियम प्रबंधांच्या तळटिपांत राहून जातात. प्रत्यक्ष खोलीत मात्र मुलाचं रक्षण करणारे तेच असतात.

निकाल आले तेव्हा मुलं साडेचार वर्षांची झाली होती. संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३च्या आसपास, प्रतिपालक कुटुंबांतल्या मुलांचा ८१, आणि जन्मापासून घरी वाढलेल्यांचा १०९. जितक्या लहान वयात मूल कुटुंबात गेलं तितका लाभ जास्त. विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांच्या मेंदूतल्या लहरी पुढे आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसू लागल्या. बुद्ध्यांकाच्या निकालांचा निबंध २००७ च्या डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये छापला गेला, आणि त्याच अंकात जोसेफ मिलम आणि इझिकेल इमॅन्युएल या नीतितज्ज्ञांचा लेखही आला. अभ्यास शोषण करणारा होता का, याचा शोध घेऊन त्यांनी तो नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरवला. निकाल आणि त्याची नैतिक तपासणी वाचकापुढे एकत्र ठेवण्याची ती रीत मला आवडते. ती अजून क्वचितच पाळली जाते.

आकडे पाहून आणखी एक प्रश्न उठतो. ‘दोन वर्षांच्या आत’ हे जर खरं, तर संस्थेत राहिलेल्या प्रत्येक मुलाचा एकेक महिना हातातून निसटत होता. मग थांबायचं कधी? औषधांच्या चाचणीत मधल्या निकालांवर नजर ठेवणारं स्वतंत्र मंडळ असतं. एक औषध उघड पुढे गेलं की चाचणी थांबवून सगळ्यांना ते देता येतं. इथे थांबवून द्यायला उरलेल्या मुलांसाठी कुटुंबं तयार नव्हती. संशोधकांच्या हाती होतं ते एवढंच, की निकालांची दिशा दिसताच ती रुमानियातल्या अधिकाऱ्यांना सांगायची, छापून येईपर्यंत दडवायची नाही, आणि ते त्यांनी केलं. २००४ मध्ये रुमानियानं बालहक्कांचा नवा कायदा केला, आणि २००५ पासून दोन वर्षांखालच्या मुलांना, गंभीर अपंगत्व असलेली वगळून, संस्थेत ठेवायला बंदी आली. त्यामागे युरोपीय संघात जाण्याची निकडही होती. सगळं श्रेय एका अभ्यासाला देणं बरोबर नाही. प्रतिपालक कुटुंबांचा खर्च पुढे स्थानिक प्रशासनानं उचलला, म्हणजे परत न पाठवण्याचा शब्द पाळायची व्यवस्था झाली.

हाच प्रवास आपल्याकडच्या बालगृहात करायचा झाला तर? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आधी लागू होतात. नैतिकता समितीत सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक हवाच. हा सामान्य नागरिक पुष्कळदा गप्प बसतो, आणि तसं होऊ देऊ नये. संमतिपत्र कळत नाही, हे निःसंकोच सांगू शकणारा तो एकटाच असतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा लागतो, बारा ते अठरा वयात लेखी. मूल बालकल्याण समितीच्या आदेशानं संस्थेत आलेलं असतं, त्यामुळे परवानगीची वाट त्या समितीकडून आणि महिला व बालविकास खात्याकडून जाते. त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा मनाई करतो. मानसिक आजारामुळे संमती देऊ न शकणाऱ्या प्रौढांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात राज्य प्राधिकरणाच्या परवानगीची वेगळी तरतूद आहे.

कागद झाले की खरं काम सुरू होतं. मुलाला ‘तुला यात यायचंय का’ हे विचारताना अधीक्षक खोलीत असतील तर त्या होकाराला अर्थ नाही, कारण मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं हे संस्थेतलं मूल पहिल्या आठवड्यातच शिकलेलं असतं. नकार दिला तरी खाऊ, सहल, दादांची माया यांत काही फरक पडणार नाही हे त्याला नुसतं सांगून भागत नाही. आधी नकार दिलेल्या मुलाला तसाच खाऊ मिळालेला त्याला दिसला पाहिजे.

गुप्ततेचं वचन देतानाही सावध राहावं लागतं. ‘तू सांगशील ते कुणाला कळणार नाही’ असं संशोधक सवयीनं बोलून जातो. पण मुलानं लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग वचन मोडावं लागतं, आणि ज्याचा मोठ्यांवरचा विश्वास आधीच मोडलेला आहे त्याच्याच बाबतीत ते घडतं. म्हणून कोणती गोष्ट आपल्याजवळ ठेवता येणार नाही, हे पहिल्या भेटीतच त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, आणि तशी गोष्ट पुढे आली तर त्याच दिवशी समुपदेशक कोण, कुठे, याची सोय प्रश्नावली छापायच्या आधी करून ठेवायची.

आणि निरोप. आठवड्याला येणारी, चित्रं काढून घेणारी, नावानं हाक मारणारी ताई ही काही मुलांच्या आयुष्यातली सर्वांत लक्ष देणारी व्यक्ती असते. तिचा प्रकल्प मार्चमध्ये संपतो. मुलाच्या दृष्टीनं आणखी एक माणूस न सांगता निघून गेलेलं असतं. जिव्हाळ्याचा अभ्यास करायला जाऊन जिव्हाळा तोडणं, ही या क्षेत्रातली सर्वांत सहज घडणारी आणि सर्वांत कमी नोंदली जाणारी इजा असावी. उपाय आहे: किती वेळा येणार ते आधीच सांगणं, प्रत्येक भेटीत उरलेल्या भेटी मुलाबरोबर मोजणं, शेवटच्या भेटीचं वेळापत्रक पहिल्या भेटीच्या आधी समितीपुढे ठेवणं.

बुखारेस्टसारखी चिठ्ठी मात्र आज आपल्याकडे टाकता येणार नाही, आणि त्याचं कारण बुखारेस्टच आहे. संस्था की कुटुंब, याचं उत्तर आता सरकारांनाही माहीत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे, आणि महाराष्ट्रात मुलाला कुटुंबातच ठेवण्यासाठी मासिक मदत देणारी बाल संगोपन योजना आहे. जी अनिश्चितता शिल्लक आहे ती पुढची: नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलाला नुसते पैसे पुरतात, की घरी येणारा समाजकार्यकर्ताही लागतो? भेट महिन्यातून एकदा हवी की आठवड्याला? मोठ्या झालेल्या, दोन घरं मोडून आलेल्या मुलाला कुठल्या कुटुंबाकडे सोपवलं तर ते टिकतं? या प्रश्नांत दोन्ही गटांतली मुलं घरातच राहतात, आणि चिठ्ठी फक्त एवढंच ठरवते की जादा मदत कुणाला आज मिळेल आणि कुणाला सहा महिन्यांनी.